पानिपताहून परतलेला सरदार

पानिपतचा पराभव कोणामुळे झाला, हा प्रश्न आमच्या ग्वाल्हेरीतील मराठी घरांत अजून निकालात निघालेला नाही. संक्रांतीच्या सुमारास चार वडीलधारी मंडळी तिळगुळाच्या निमित्ताने एकत्र बसली की हा खटला पुन्हा उभा राहतो. कोणी सदाशिवरावभाऊंच्या तापट स्वभावाकडे बोट दाखवितो. कोणी मल्हारराव होळकर रण सोडून निघून गेले, हे सांगताना आवाज चढवितो. एकाच्या मते गोविंदपंत बुंदेल्यांनी रसद वेळेवर पोचविली नाही. दुसऱ्याच्या मते सुरजमल जाटाचा सल्ला धुडकावला तेथेच लढाई हरली. तर तिसरा, नानासाहेब पेशवे पुण्याहून वेळीच का निघाले नाहीत, असा सवाल टाकून सर्वांना निरुत्तर करू पाहतो. प्रत्येक आरोपीला एक वकीलही मिळतो. रात्र होते, मंडळी उठतात, आणि खटला पुढील संक्रांतीपर्यंत तहकूब होतो.

आम्हांलाही लहानपणी या वादात मोठी गोडी वाटत असे. पुढे इतिहासाची पुस्तके चाळू लागल्यावर ध्यानी आले की, हा खटला आपण सुरू केलेला नाही. पानिपतावरून जे जिवंत परतले त्यांनीच तो सुरू केला. १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस, बुधवारी ती लढाई झाली. जूनच्या २३ तारखेस नानासाहेब पेशवे पर्वतीवर दुःखाने झिजून वारले. घरोघर सुतक होते. तथापि सरदारांच्या डेऱ्यांत, दप्तरांत, वाड्यांत जो तो दुसऱ्याच्या माथी खापर फोडण्यात गुंतला होता. या सर्व कोलाहलात एक तिशीचा लंगडा शिलेदार होता. तक्रार करण्यास त्याच्याइतके कारण क्वचितच कोणाजवळ असेल. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. महादजी शिंदे हे त्याचे नाव. पाटीलबाबा या नावानेही तो विख्यात आहे.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. शिंद्यांचे मूळ गाव सातारा प्रांतातील कण्हेरखेड. वडील राणोजी हे पहिल्या बाजीरावांच्या पदरी साध्या नोकरीने चढले आणि माळव्याचे सरदार होऊन उज्जयिनीस बसले. त्यांस पाच पुत्र. पैकी जयाप्पा, दत्ताजी व जोतिबा हे एका मातेचे. तुकोजी व महादजी हे चिमाबाईंचे. चिमाबाई राजपूत होत्या आणि त्यांचा विवाह रीतीप्रमाणे झालेला मानला जात नसे, म्हणून या धाकट्या दोघांकडे लोक जरा तिरक्या नजरेने पाहात. हा डाग महादजींना पुढे फार नडला.

या घराण्याने उत्तरेत किती रक्त सांडले याची मोजदाद केली तर मन सुन्न होते. जोतिबा ओर्छ्याकडे दग्याने मारले गेले. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा खून झाला. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. त्यानंतर एका वर्षाने पानिपत. तेथे सख्खे बंधू तुकोजी गेले. आणि जयाप्पांचा तरुण पुत्र जनकोजी, जो त्या वेळी घराण्याचा मुख्य होता, तो शत्रूच्या हाती लागून मारला गेला. अशा रीतीने राणोजींच्या पाच पुत्रांपैकी एकटे महादजी उरले.

ते कसे उरले, ती हकीकत प्रसिद्ध आहे. मोड झाल्यावर महादजी एका उत्तम दक्षिणी घोडीवर बसून निघाले. एका अफगाण स्वाराने त्यांचा पिच्छा धरला. त्याचे घोडे बोजड व मंद चालीचे होते. महादजींची घोडी वाऱ्यासारखी. तरी कोसच्या कोस गेले, महादजी मागे वळून पाहात तो तो स्वार येतच होता. शेवटी दमलेली घोडी एका खड्ड्यात पडली. पठाणाने गाठून त्यांच्या पायावर घाव घातला, अंगावरील चीजवस्त व घोडी घेतली आणि मेला समजून की दया येऊन कोण जाणे, त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाचा एक भिस्ती, म्हणजे पखालीने पाणी वाहणारा मुसलमान, त्या वाटेने पळत होता. त्याने या जखमी मराठ्यास आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि मजल दरमजल करीत सुखरूप आणले. तो पाय जन्माचा अधू झाला. महादजी पुढे मोठेपणी आपल्या माणसांना सांगत की, तो बोजड घोड्यावरचा स्वार आपणांस अजून स्वप्नात दिसतो. राणेखानास त्यांनी भाऊ मानले, नुसते तोंडाने नव्हे. पुढे तो त्यांच्या फौजेचा एक प्रमुख सेनापती झाला.

दक्षिणेत परतल्यावर काय वाट्यास आले? शिंद्यांची सरदारी धनीहीन होती, व वारस म्हणून महादजींचा हक्क उघड होता. परंतु पुण्यास राघोबादादांचे प्राबल्य होते. त्यांनी सरदारी प्रथम केदारजी शिंद्यांच्या व नंतर मानाजी शिंद्यांच्या नावे केली. आईच्या विवाहाचा प्रश्न विरोधकांना आयताच सापडला होता. या काळात महादजींनी काय केले असते तर नवल वाटले नसते? होळकरांनी रण सोडले, म्हणून आमचे घर बुडाले, असे म्हणत ते दारोदार हिंडले असते. किंवा पेशव्यांच्या घरासाठी चार भाऊ गेले त्याचे हे फळ, असा टाहो त्यांनी फोडला असता. हक्कासाठी ते भांडले, हे खरे. भांडणे प्राप्तच होते. पण जवळ राहिलेली थोडी माणसे व घोडी त्यांनी मोडू दिली नाहीत, माळव्यात वावर ठेवला, आणि थोरल्या माधवरावांच्या हाती कारभार येताच त्यांच्या बाजूने ते उभे राहिले. सात वर्षांनी, जानेवारी १७६८ मध्ये, माधवरावांनी त्यांस सरदारी दिली. सात वर्षे हा काळ सांगण्यास एक ओळ पुरते. काढणाऱ्यास तो किती लांब वाटला असेल!

१७६९ मध्ये पेशव्यांनी उत्तरेस मोठी फौज रवाना केली. रामचंद्र गणेश कानडे, विसाजी कृष्ण बिनीवाले, तुकोजी होळकर आणि महादजी असे चार सरदार तीत होते. वाचकांस वाटेल की पानिपताचा धडा ताजा असता हे चौघे तरी एकदिलाने वागले असतील. तसे झाले नाही. कानडे व बिनीवाले यांचे बिनसले, ते इतके की माधवरावांस कानड्यांना परत बोलवावे लागले. नजीबखान रोहिला, ज्याने अब्दालीस आणून पानिपत घडविले, त्याच्याशी होळकरांचा जुना घरोबा. तर महादजींच्या लेखी तो भावांचा वैरी. येथे महादजीही क्रोधाच्या आहारी गेले होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नजीब १७७० मध्ये मरण पावला, तेव्हा १७७२ मध्ये मराठी फौजेने त्याचा मुलगा झाबेताखान याचा मुलूख जाळला, पत्थरगड घेतला आणि नजीबाच्या कबरीचीही विटंबना केली. सूड घेण्याने कोणताच प्रश्न सुटला नाही. प्रश्न ज्याने थोडा सुटला ते वेगळेच होते : फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हाती आली, आणि इंग्रजांच्या आश्रयास अलाहाबादेत पडून राहिलेला बादशहा शहाआलम याला जानेवारी १७७२ मध्ये त्यांनी दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले. पानिपतावर मराठ्यांना उत्तरेत एकही भरवशाचा मित्र नव्हता. ती उणीव भरून काढण्याची ही पहिली खटपट.

परंतु १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव वारले, पुढील ऑगस्टात नारायणरावांचा खून झाला, आणि सर्वांस दक्षिणेत परतावे लागले. राघोबादादा इंग्रजांस मिळाले. तो सर्व इतिहास पाठ्यपुस्तकात आहे. आम्ही तो येथे उगाळीत नाही. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची इंग्रज फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने आली. तिला मराठ्यांनी तळेगावाजवळ दाणावैरणीवाचून कोंडले आणि वडगावास तह लिहून देण्यास भाग पाडले. त्या यशात महादजींचा वाटा मोठा होता. येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पराभवानंतर इंग्रजांच्या गोटातही हाच प्रकार झाला. सेनापती एगर्टन, कॉकबर्न आणि मुंबई कौन्सिलचा कार्नॅक यांची परस्परांकडे बोटे दाखविण्याची शर्यत लागली, व कंपनीने अखेर तिघांनाही नोकरीवरून दूर केले. तेव्हा हा रोग एकट्या मराठ्यांचा, असे कोणी समजू नये.

वडगावच्या विजयाने महादजींचे डोळे दिपले असते तर पुढची कथा निराळी झाली असती. पण लौकरच इंग्रजांनी त्यांस दोन चपराका दिल्या. पहिली आपल्या याच गावी. ऑगस्ट १७८० मध्ये पॉफम नावाच्या अधिकाऱ्याने अंधाऱ्या रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेली पायताणे घातली होती, असे सांगतात. ज्या किल्ल्याकडे पाहून आपण रोज शाळेत जातो तो अजिंक्य म्हणून ख्यात होता. शिंद्यांचे शिबंदीचे लोक आत निर्धास्त झोपले होते. दुसरी चपराक मार्च १७८१ मधील. कॅमॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रात्री छापा घालून महादजींच्या छावणीची दाणादाण केली व तोफा नेल्या.

किल्ला गेला तो किल्लेदाराच्या हलगर्जीपणाने, छावणी लुटली गेली ती चौकी-पहाऱ्याच्या चुकीने. एवढे म्हणून दोघाचौघांस शिक्षा करणे सोपे होते. महादजींच्या ध्यानात मात्र याहून खोल गोष्ट आली, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. थोडे शिपाई, पण एका हुकुमाने चालणारे, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे, रात्री अंधारातही रांग न मोडणारे. असे हजार-दोन हजार लोक दहा हजार स्वारांस भारी पडतात. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी असेच लढल्या होत्या. परंतु त्यांच्या बरोबरीच्या मराठी घोडदळास त्या लढाईची रीत ठाऊक नव्हती, आणि दोघांचा मेळ बसला नाही. महादजी तेथे होते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते.

इंग्रजांशी त्यांनी तह करविला. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी तो ठरला, आणि दोन्ही पक्षांनी महादजींस मध्यस्थ मानले. इंग्रजांनी गोहदच्या राण्यास दिलेला ग्वाल्हेरचा किल्ला त्यांनी वेढा घालून १७८३ मध्ये परत घेतला. याच वेढ्याच्या वेळी बॉयन साहेबाचे प्रकरण घडले.

डी बॉयन हा सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावचा, १७५१ मध्ये जन्मलेला साहसी माणूस. युरोपात निरनिराळ्या सैन्यांत नोकरी करून तो नशीब काढण्यास हिंदुस्थानात आला होता. ग्वाल्हेरजवळून जाताना महादजींच्या लोकांनी त्याचे सामान लंपास केले. ते महादजींच्याच इशाऱ्याने झाले असे म्हणतात. चिडून त्याने गोहदच्या राण्याशी संधान बांधले आणि पलटणी उभ्या करून ग्वाल्हेरचा वेढा उठविण्याची योजना त्याला सुचविली. राण्यास त्याचा भरवसा वाटला नाही. बातमी फुटून महादजींच्या कानावर आली. आपल्याविरुद्ध इतका नेटका बेत रचणारा माणूस! दुसरा कोणी असता तर त्याने त्यास धरून आणून किल्ल्यावरून ढकलविला असता. महादजींनी त्याचे नाव लक्षात ठेवले आणि १७८४ मध्ये त्यालाच चाकरीस घेतले. प्रथम दोनच पलटणी, प्रत्येकीत सुमारे साडेआठशे लोक. सँगस्टर नावाचा स्कॉच माणूस, जो पूर्वी गोहदकरांकडेच होता, तोही आला व आग्र्यास तोफा ओतू लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहाने महादजींस वकील-इ-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी, नेमले. महादजींनी तो मान पेशव्यांच्या नावे घेतला.

आता वाटेल की गाडी रुळावर आली. खरी परीक्षा पुढेच होती. बादशाही कारभार हाती आला, परंतु बरोबर जुन्या मोगल सरदारांच्या बुभुक्षित पलटणी आल्या आणि खजिना रिकामा. जयपूरकडून खंडणीची बाकी वसूल करण्यासाठी महादजी १७८७ मध्ये राजपुतान्यात उतरले. जयपूरचे प्रतापसिंह व जोधपूरचे विजयसिंह एक झाले. महादजींचा मोगल सरदार महंमद बेग हमदानी फितूर होऊन त्यांस मिळाला. २८ जुलै रोजी लालसोटजवळ तुंग्याच्या मैदानात लढाई झाली. हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला, राठोडांचे हल्ले बॉयनच्या दोन पलटणींनी परतविले, आणि त्या दिवशी निर्णय लागला नाही. पण एक-दोन दिवसांतच बादशाही पलटणी, पगार थकला म्हणून, तोफांसह चालत शत्रूच्या छावणीत निघून गेल्या. अन्न महाग, चहूंकडे शत्रू, आणि छावणीत उरलेल्यांपैकी कोण आपला हे कळेना.

महादजी माघार घेत निघाले. पानिपतासारखी पळापळ त्यांनी होऊ दिली नाही. सामानसुमान सांभाळीत, मजला ठरवून, रांग धरून फौज मागे आणली. तरी पुढील काही महिन्यांत दिल्ली गेली, अलीगड गेले. आग्र्याचा किल्ला तेवढा लखबादादांनी वेढ्यात अडकूनही झुंजत ठेवला. सव्वीस वर्षांत जे मिळविले ते एका पावसाळ्यात हातचे जाण्याची पाळी आली.

या वेळी पुण्यास काय चालले होते? महादजींची मदतीची पत्रे येत होती. नाना फडणीसांच्या दरबाराचे म्हणणे असे की, हा माणूस आमच्या सल्ल्यावाचून एवढा पसारा मांडून बसला, उत्तरेचा वसूल आम्हांस कधी दिसला नाही, आता निस्तरणे आमच्यावर का? महादजींचे म्हणणे असे की, पेशव्यांच्या नावासाठी आम्ही कर्ज करून लढतो आणि पुणेकर स्वस्थ बसून पाहतात. दोन्ही बाजूंस थोडेथोडे सत्य होते. खरे सांगायचे तर, अशा वादांत दोन्ही बाजूंस थोडे सत्य असते म्हणूनच ते इतके दिवस चालतात. अलीबहाद्दर, बाजीराव-मस्तानीचे नातू, फौजेसह निघाले खरे. पण ते पोचले १७८८ चे वर्ष सरत आले तेव्हा.

तोपर्यंत महादजी वाट पाहात बसले नाहीत. भरतपूरचा रणजितसिंह जाट, ज्याच्या बापाशी पानिपतापूर्वी मराठ्यांचे फाटले होते, त्याला त्यांनी आपलासा करून घेतला. राणेखान आणि बॉयन यांनी १८ जून १७८८ रोजी आग्र्याबाहेर इस्माईल बेगाचा मोड केला व लखबादादांची सुटका झाली. इकडे झाबेताखानाचा मुलगा गुलाम कादर दिल्लीत शिरला, आणि १० ऑगस्टला त्याने म्हाताऱ्या शहाआलमाचे डोळे काढले. राणेखानाच्या हाताखालील मराठी फौजेने ऑक्टोबरात दिल्ली परत घेतली, बादशहास अन्नवस्त्र दिले, आणि वर्षअखेर गुलाम कादर पकडला गेला. एकेकाळी पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने हिंदुस्थानच्या बादशहास सोडविले, हे आमच्या बालवाचकांनी नजरेपुढे आणून पाहावे.

लालसोटचे मूळ कारण पगार, हे महादजींनी ओळखले, पण ते अंगी मुरण्यास वेळ लागला. आग्र्याच्या विजयानंतर बॉयनने पलटणी वाढविण्याची परवानगी मागितली, ती त्यांनी खर्चाच्या भीतीने नाकारली. बॉयन राजीनामा देऊन लखनौस व्यापार करू लागला. १७९० मध्ये महादजींनी आपले मत बदलले व त्यास परत बोलाविले. या वेळी दहा पलटणींचा कवायती कंपू उभारण्याचा हुकूम झाला, आणि मुख्य म्हणजे अलीगडच्या बाजूचे दुआबातील परगणे केवळ या फौजेच्या पगारासाठी तोडून दिले. शिपायास पगार ठरल्या दिवशी मिळू लागला, आणि जखमींची तजवीज होऊ लागली. त्याचे फळ त्याच वर्षी दिसले. २० जून १७९० रोजी पाटणच्या लढाईत इस्माईल बेग व त्याचे राजपूत साथी यांचा मोड होऊन शंभरावर तोफा हाती आल्या. १० सप्टेंबरला मेडत्यास राठोडांच्या निकराच्या हल्ल्यापुढे बॉयनचे शिपाई पोकळ चौकोन करून उभे राहिले, आणि तो चौकोन फुटला नाही. तीन वर्षांपूर्वी ज्या पलटणी पगारासाठी शत्रूकडे गेल्या, त्यांतील शिपाई आणि हे शिपाई एकाच देशाचे, एकाच तऱ्हेचे लोक होते.

महादजी या दोषापासून सदैव अलिप्त होते, अशी समजूत करून देणे मात्र खोटेपणाचे होईल. १७८९ मध्ये मथुरेस त्यांस फोडांचा भयंकर आजार झाला. वैद्यांचे उपाय चालेनात. तेव्हा, हिंमतबहाद्दर गोसाव्याने आपल्यावर मंत्रप्रयोग केला, असे त्यांच्या मनाने घेतले. जो पुरुष फौजेच्या मोडाची कारणे इतक्या थंड डोक्याने शोधी, तो स्वतःच्या दुखण्यापुढे असा बावरला! गोसाव्याने अलीबहाद्दरांच्या डेऱ्याचा आसरा घेतला. अलीबहाद्दर त्याला सोडीनात. आणि मदतीस आलेली पुण्याची फौज व शिंद्यांची फौज यांत त्यावरून तलवारी उपसण्याची वेळ आली. महादजी बरे झाले, परंतु अलीबहाद्दर व तुकोजी होळकर यांच्याशी पडलेले अंतर मिटले नाही. आमच्या मते महादजींच्या साऱ्या कारकिर्दीत इतकी महाग पडलेली दुसरी चूक नाही.

जून १७९२ मध्ये ते पुण्यास आले. बादशहाने पेशव्यांस दिलेल्या सनदा व पोशाख अर्पण करण्याचा थाटाचा दरबार २२ जून रोजी झाला. त्या भेटीत उत्तर हिंदुस्थानच्या या सत्ताधीशाने सर्व मानकऱ्यांच्या खाली बसून, काखेतून नवे जोडे काढून तरुण सवाई माधवरावांपुढे ठेवले, आणि आपले घराणे पेशव्यांचे जोडे सांभाळणारे आहे अशी नम्रता दाखविली, ही कथा आपण ऐकलेली असेलच. कोणी तिला नाटक म्हणतात. असेलही. पण त्या नाटकाआड काम होते ते हिशेबांचे. उत्तरेच्या मोहिमांत झालेला खर्च व कर्ज दरबाराने पाहावे, असे महादजींचे मागणे. वसुलाचा हिशेब प्रथम द्यावा, असे नानांचे. पावणेदोन वर्षे कागद या वाड्यातून त्या डेऱ्यात जात राहिले. तिकडे उत्तरेत १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या खिंडीत शिंद्यांच्या कंपूने होळकरांच्या फौजेचा चुराडा केला. पानिपतावर कोण पळाले याचा निवाडा जणू बत्तीस वर्षांनी तोफांनी झाला. दोन्हीकडे मेले ते एकाच दौलतीचे चाकर. आम्हांस तो विजय म्हणवत नाही.

हिशेबाचा निकाल लागण्यापूर्वीच महादजी तापाने आजारी पडले, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत त्यांचा अंत झाला. त्यांस मुलगा नव्हता. बंधू तुकोजींचा नातू दौलतराव गादीवर बसला. तो पंधरा वर्षांचाही नव्हता. बॉयन १७९६ मध्ये युरोपास परत गेला, आणि त्याच्यामागून पलटणींवर जे परदेशी अधिकारी आले, त्यांत स्वार्थी बरेच होते. मराठी अधिकारी तयार करून त्या पलटणी त्यांच्या हाती देण्याचे काम महादजींच्या हातून राहून गेले होते. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच त्यांपैकी पुष्कळ अधिकारी नोकरी सोडून इंग्रजांकडे गेले. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीस उरलेल्या पलटणी बहुतेक आपल्याच देशी अंमलदारांच्या हुकुमाखाली लढल्या, आणि तोफांजवळ उभ्याउभ्या कापल्या गेल्या. त्यांची शर्थ पाहून खुद्द इंग्रज सेनापती लेक चकित झाला.

वानवडीस, जेथे महादजींचे दहन झाले, तेथे त्यांची छत्री आहे; सहलीस पुण्यास जाणाऱ्या मुलांनी ती अवश्य पाहावी. आणि येथे, १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायमची ठोकली. तंबूंच्या जागी घरे झाली, पागांच्या जागी पेठा वसल्या. आपल्या शहराच्या त्या भागाला लोक अजूनही लष्कर म्हणतात.